न विचारता चालायची वाट

हेडली ट्रेविनने एखादी वाट 'सोपी' म्हणून सांगितली, तर लगेच पायात बूट घालू नयेत, असं केरिसमथमधले जाणते लोक पाहुण्यांना हळूच सांगतात. हेडली खोटं बोलतो असं नाही. गुरुवारच्या चालणाऱ्या मंडळाचा तो म्होरक्या, आणि गावाभोवतीच्या सगळ्या वाटा त्याच्या पायाखालच्या. पण एखादी वाट अवघड आहे म्हणावं, आणि समोरच्या माणसाला ती खरंच अवघड जाणार असावी, म्हणजे आपण त्याच्या तोंडावर त्याचं वय काढलं, असं हेडलीला वाटतं. म्हणून चर्चच्या मागून कड्यावर चढणारी वाट, जिच्यावर धडधाकट माणसाच्या तोंडाला फेस येतो, ती हेडलीच्या भाषेत 'सोपी, मधे जरासा चढ आहे'. ओकच्या रानातून जाणारी, घोटे बुडतील एवढ्या चिखलाची वाट म्हणजे 'सोपी, बूट असलेले बरे'. एकदा एका मध्यमवयीन जोडप्याला त्या जराशा चढावरून खाली आणायला समुद्राच्या बाजूने होडी पाठवावी लागली होती. दुसऱ्या दिवशी हेडली फुलं घेऊन त्यांची माफी मागायला गेला, तर त्यांनीच उलट त्याची माफी मागितली. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर हे असंच चालतं.

खरोखर सोपी अशी वाट गावात एकच. जुन्या धक्क्यापासून निघून ती केरिस नदीच्या काठाकाठाने, कारलायन बाईंच्या कुरणाच्या कडेने जाते आणि नदी समुद्राला मिळते त्या वाळूवर संपते. चढ नाही, उतार नाही. ओहोटीला डाव्या हाताला चिखल चमकत असतो आणि त्यात पांढरे बगळे चोची घालत हिंडत असतात. भरतीला पाणी अगदी पायाशी येतं. बाकीचं सगळं गाव डोंगरउतारावर एकावर एक रचलेलं. पाव आणायला निघालात तरी छातीचा भाता होतो.

ही वाट म्हणजे हेडलीच्या बायकोचा, थर्झाचा, श्वास होता. थर्झा पंच्याहत्तरी ओलांडलेली. आयुष्यभर तिने धक्क्यावर मासळीचा लिलाव पुकारला, त्यामुळे आवाज अजून खणखणीत, आणि जीभ त्याच्याहून. खुब्याचं हाड दोनदा बदलून झालं होतं. दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आडपडदा ठेवला नव्हता. रोज सपाटीवर चालायचं. चालणं थांबलं की चाकाची खुर्ची आली, आणि ती एकदा आली की परत जात नाही. थर्झाला मरणापेक्षा त्या खुर्चीची धास्ती जास्त. मेल्यावर निदान मागून ढकलणाऱ्याशी गप्पा माराव्या लागत नाहीत, असं ती म्हणायची. म्हणून दोन काठ्या टेकत ती रोज नदीकाठाने जायची, आणि गुरुवारी अख्ख्या मंडळाच्या पुढे.

कारलायन बाई नव्वदी गाठून गेल्या. त्यांचं घर आणि कुरण लंडनच्या टोबी ॲश्कम नावाच्या तरुणाने घेतलं. कुत्र्यांसाठी महागडी बिस्किटं करण्याच्या धंद्यात त्याने पैसा केला होता, आणि आता कुरणात त्याला अल्पाका, म्हणजे ते लांब मानेचे लोकरी प्राणी, पाळायचे होते. एका गुरुवारी मंडळ धक्क्यावरून निघालं, तर कुरणाच्या फाटकाला कुलूप. शेजारी सुबक अक्षरातली पाटी: 'क्षमस्व. ही खाजगी जागा आहे. आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही मनापासून दिलगीर आहोत. अल्पाका घाबरतात.'

मंडळ पाटीसमोर उभं राहिलं.

"लिहिलंय मात्र किती नम्रपणे," कोणीतरी म्हणालं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

थर्झाने काठीने कुलूप वाजवून पाहिलं. "नम्रपणे लिहिलंय म्हणून काय चाटायचंय का त्याला?" ती म्हणाली.

हेडलीने मंडळाच्या वतीने पाटीकडे बघत तोंडातल्या तोंडात 'सॉरी' म्हटलं. नेमकं कुणाला, ते त्यालाही ठाऊक नसावं.

गावात अशा वेळी सूत्रं हातात घेते ती मॉर्वेना पास्को. तिने गावचं पोस्ट आयुष्यभर सांभाळलं, त्यामुळे लोकांनी आपलं ऐकावं अशी तिला सवय, आणि लोकांनाही. तिने मेथडिस्टांच्या सभागृहात बैठक बोलावली, चहाचं मोठं भांडं चढवलं, केशर घातलेल्या गोड बन-पावांचे ढीग लावले, आणि कायदा समजावून सांगितला.

"कायदा आपल्या बाजूने आहे," मॉर्वेना म्हणाली. "एखाद्या वाटेने लोक वीस वर्षं चालत असतील, तर ती वाट लोकांची होते. मग मालकाचा आजोबा आला तरी ती बंद करता येत नाही. आपण तर तीस वर्षं चालतोय. फक्त तीन गोष्टी केलेल्या नकोत. कुंपण मोडून जायचं नाही, लपूनछपून जायचं नाही, आणि विचारून जायचं नाही."

"विचारून म्हणजे?" हेडलीने विचारलं.

"परवानगी मागून. मालकाने 'हो, जा' म्हटलं की झाली ती मेहेरबानी. मेहेरबानीला हक्क म्हणत नाहीत. हक्काने चालायचं म्हणजे वाट आपल्याच बापाची असल्यासारखं, कुणाच्या तोंडाकडे न बघता."

"म्हणजे उद्धटपणे," हेडली म्हणाला.

"वकील तसं म्हणत नाहीत, पण हो, तसंच."

"मग मिटलं की," थर्झा मागच्या रांगेतून म्हणाली. "मी जन्मात कुणाला काही विचारलेलं नाही."

सभागृह खो खो हसलं, कारण हे सगळ्यांना मान्य होतं. हेडलीने मात्र हातातला बन परत बशीत ठेवला.

त्याचं कारण असं. मंडळ सुरू झालं त्याच वर्षी थर्झाचं आणि कारलायन बाईंचं कुत्र्यावरून वाजलं होतं. बाईंनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडून सांगितलं की कुत्रा बांधा. कुत्रा बांधलेलाच आहे, तुम्ही चष्मा बांधा, असं थर्झाने उलट ओरडून सांगितलं आणि ती पुढे निघून गेली. हेडलीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नाडी सुटल्याचं निमित्त करून तो मागे राहिला, टोपी काढून खिडकीपाशी गेला आणि बायकोच्या वतीने माफी मागितली. टोपी काढलेलीच होती, तेव्हा त्याने आणखी एक वाक्य जोडलं, "आम्ही या कडेने गेलो तर आपली हरकत नाही ना?" बाई म्हणाल्या, "छे, छे, हेडली, तुम्ही सगळे खुशाल जा." पुढच्या गुरुवारी, मागच्या गुरुवारच्या परवानगीवर निघून जाणं त्याला बरं दिसेना. म्हणून त्याने पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या गुरुवारीही. तीस वर्षं हेडलीच्या बुटाची नाडी त्याच ठिकाणी सुटत होती, आणि तीस वर्षं थर्झा पुढून ओरडत होती की या माणसाला अजून गाठ मारता येत नाही. नाताळात तो बाईंना घरच्या संत्र्याच्या मुरांब्याची बरणी नेऊन द्यायचा. तेही थर्झाच्या नावाने.

हे त्याने त्याच बैठकीत सांगून टाकायला हवं होतं. पण मॉर्वेना इतकी खुशीत होती, आणि खुशीत असलेल्या माणसाला मधेच तोडायचं हे हेडलीच्या रक्तात नव्हतं.

"बन छान झालेत," तो म्हणाला.

उन्हाळा तयारीत गेला. प्रकरण चौकशीवर गेलं होतं. सरकारचा निरीक्षक येणार, साक्षी ऐकणार आणि निकाल देणार. मॉर्वेना एकेकाला घरी बोलवून साक्षीची तालीम घेऊ लागली, आणि तेव्हा तिच्या लक्षात आलं की काम वाटलं तितकं सोपं नाही. आपण कधी कुणाला विचारलं नाही, एवढं चारचौघांत कबूल करायला एकाचीही जीभ रेटेना.

"नाही, म्हणजे तसं विचारलं नाही," चर्चमध्ये ऑर्गन वाजवणारे म्हातारबुवा म्हणाले, "पण खिडकीकडे बघून हात हलवायचो हो. अगदीच रानटी नाही मी."

"हात हलवला ते चालेल. तोंड उघडलं होतं का?"

"हसायला उघडलं असेल."

"मग दात मिटून हसलो होतो म्हणून सांगा," मॉर्वेना म्हणाली.

हेडलीची तालीम तिने घेतलीच नाही. "तुझी गरज नाही बाळा," ती म्हणाली. "तू सगळ्यात शेवटी बोल. तुझ्यासारख्या सज्जनावर अविश्वास दाखवायला माणूस निरीक्षक नाही, राक्षस हवा."

इकडे थर्झा घरातल्या बोळात येरझारा घालू लागली. भिंतीला धरून जाताना एका बाजूचा रंग तिच्या तळहाताने उडाला. संध्याकाळी तिचा पाय सुजायचा, आणि त्याबद्दल ती शब्द काढायची नाही, हे हेडलीला जास्त लागायचं. तिला सगळं सांगून टाकावं असं त्याच्या मनात रोज यायचं. पण ती चिडलेली असली की आणखी चिडवायला नको वाटायचं, आणि हसत असली की ते हसू मोडवायचं नाही. अशा रीतीने सांगायला योग्य असा एकही दिवस त्या उन्हाळ्यात उगवला नाही.

पानगळीत चौकशी आली. निरीक्षक ब्रिस्टलचे, मितभाषी, आल्याआल्या स्वतः ती वाट चालून आलेले. टोबी ॲश्कम पहिल्या रांगेत आपल्या चकचकीत बुटांकडे बघत बसला होता. आपल्यामुळे एवढ्या लोकांना त्रास होतोय याचं त्याला मनापासून वाईट वाटत होतं, आणि येणाऱ्याजाणाऱ्याला तो तसं सांगतही होता. त्याची बॅरिस्टर एक तरुण बाई होती, इतकी मृदू बोलणारी की लोक ऐकायला पुढे झुकत.

थर्झाची साक्ष आधी झाली.

"कारलायन बाईंना तुम्ही कधी विचारलं होतं का?" बॅरिस्टरने विचारलं.

"काय?"

"कुरणातून जाऊ का, असं."

"बांगडा हवाय का, एवढं विचारलंय. तोही ताजा असला तर."

निरीक्षकांच्या ओठांचा कोपरा हलला, आणि त्यांनी काहीतरी लिहून घेतलं. मॉर्वेनाने शेजारणीचा हात दाबला. ऑर्गनवाल्या बुवांनीही दात मिटून निभावून नेलं. दुपारपर्यंत सगळ्या गावाला वाटायला लागलं की वाट आपली झाली. मग हेडली उभा राहिला.

"मिस्टर ट्रेविन," बॅरिस्टर म्हणाली, "या गावात ज्याला ज्याला मी तुमच्याबद्दल विचारलं, त्याने तुम्हाला अत्यंत सभ्य गृहस्थ म्हटलं."

लोक चांगले आहेत म्हणून तसं म्हणतात, असं हेडली म्हणाला.

"कारलायन बाई एकट्या होत्या. वृद्ध होत्या. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोरून तुम्ही वर्षानुवर्षं गेलात. एका एकट्या बाईच्या खिडकीवरून, तोंडातून शब्द न काढता, सरळ निघून जायचं. माफ करा, पण तुम्ही असं वागला असाल यावर माझा विश्वास बसत नाही."

हेडलीने फक्त 'वागलो' एवढं म्हणायचं होतं. तेवढ्या एका शब्दात थर्झाचे पाय होते. पण हेडलीची मान तांबडीलाल झाली. इतकी वर्षं त्याच्यावर कुणी असला आळ घेतला नव्हता.

"मुळीच नाही," तो म्हणाला. "असं मी कधीही वागलेलो नाही."

हे तो खरेपणाच्या चाडेने बोलला, की चारचौघांत आपण असभ्य ठरू या भीतीने, हे मला सांगता येणार नाही. हेडलीने पुढे कितीतरी दिवस स्वतःलाच हे विचारलं, आणि दर वेळी उत्तर थोडं कमी आवडलं.

"मग तुम्ही काय करायचा?"

"टोपी काढून विचारायचो. या कडेने जाऊ का म्हणून."

"आणि त्या?"

"'खुशाल जा' म्हणायच्या. फार चांगल्या होत्या."

"हे तुम्ही स्वतःपुरतं विचारायचा?"

"छे. सगळ्यांसाठी. एकट्यापुरतं विचारणं बरं दिसलं असतं का?"

"मिसेस ट्रेविन यांच्यासाठीसुद्धा?"

आता इथे हेडलीने थर्झाकडे बघायला नको होतं. त्याने बघितलं. ती दोन्ही काठ्या मांडीवर आडव्या धरून बसली होती आणि तोंड किंचित उघडं होतं.

"विशेषतः तिच्यासाठी," हेडली म्हणाला.

सभागृह हसलं. थर्झा हसली नाही. बॅरिस्टरने आभार मानले, आणि 'त्यात काय एवढं' असं म्हणून हेडली खाली बसला.

घरचा चढ चढताना थर्झा तीनदा थांबली, आणि हेडलीने पुढे केलेला हात तिने तिन्ही वेळा पाहिलाच नाही. स्वयंपाकघरात बसल्यावर तिने एकच शब्द उच्चारला.

"विशेषतः?"

"थर्झा, म्हातारी होती ग ती. तिला वाईट वाटलं असतं."

"तिला? तिला काय वाटत होतं ते मला विचार. दर गुरुवारी खिडकी उघडून ती माझी वाट बघत बसायची. मी ओरडायचे, ती ओरडायची. आम्ही दोघी तीस वर्षं मजेत भांडलो. मला वाटायचं मी तिच्या नाकावर टिच्चून जाते. आणि तू मागून टोपी हातात घेऊन..." ती थांबली. "मी आयुष्यात एक तरी गोष्ट माझ्या हिमतीवर केली असं मला वाटत होतं, हेडली. तीही तू माझ्यासाठी मागून आणलेली होतीस."

हेडलीला रडू आलं. त्याने माफी मागितली, आणि मागता मागताच त्याला कळलं की आपल्याजवळ देण्यासारखं नेहमी हेच असतं.

निकाल व्हायचा तोच झाला. लोक चालले खरे, पण परवानगीने चालले. म्हणून वाट लोकांची नाही. निरीक्षकांनी साक्षीदारांच्या सौजन्याचं खास कौतुक केलं होतं.

टोबी ॲश्कम जिंकला आणि फार दुःखी झाला. त्याला शत्रुत्व नको होतं. त्याने स्वतःहून फाटकाचं कुलूप काढलं, खांबाला पितळी घंटा बसवली आणि गावात सांगितलं की माझी काहीच हरकत नाही, अल्पाका आता सरावलेत, फक्त जाण्याआधी घंटा वाजवून विचारा म्हणजे झालं. गावाला हे फारच पसंत पडलं. हरल्याचं कुणाच्या तोंडावर दिसेना. उलट, इतके दिवस न विचारता चालल्याचा जो आव आणावा लागला होता त्याचं ओझं उतरलं. पहिली घंटा वाजवली मॉर्वेनाने. नंतर तर टोबीला जेवता येईना, इतके लोक सकाळसंध्याकाळ विचारायला येऊ लागले, आणि विचारून झाल्यावर हवापाण्यावर बोलत उभे राहू लागले.

विचारायला गेली नाही ती फक्त थर्झा. म्हणजे गावातली एकमेव सपाट वाट सगळ्या धडधाकट पायांना मोकळी झाली, आणि जिला तिची गरज होती ती घरात.

टोबी एकदा बिस्किटांचा डबा घेऊन दारात आला. ही माणसांची आहेत, असं त्याने आधी सांगितलं. "मिसेस ट्रेविन, तुम्ही तर घंटासुद्धा नका वाजवू. तुम्हाला कायमची परवानगी."

"कायमची?" थर्झा म्हणाली. "मग तर मेल्यावर भूत होऊनसुद्धा परवानगीशिवाय येता येणार नाही मला तिथे." आणि तिने दार लावलं. हेडली मागच्या दाराने धावत जाऊन टोबीची माफी मागून आला. थर्झाला ते खिडकीतून दिसलं.

हिवाळा वाईट गेला. बोळातल्या येरझारा कमी झाल्या, मग थांबल्या. नर्सने घडीची चाकाची खुर्ची आणून जिन्याखाली ठेवली, नुसती असू द्या म्हणून. थर्झाने तिच्यावर आपला कोट टाकून ती झाकली. एके दिवशी खाली पडलेला रुमाल उचलायला तिने हेडलीला सांगितलं, आणि ते सांगताना तिने पुढे 'प्लीज' लावलं. हेडली त्या रात्री झोपला नाही. पन्नास वर्षांच्या संसारात तिने तो शब्द त्याला कधी वापरला नव्हता, आणि तो ऐकून त्याला फार भीती वाटली.

मार्चमध्ये एका गुरुवारी सकाळी, मंडळ कड्यावर चढायला गेलं असताना, हेडली एकटाच फाटकापाशी आला. त्याचा विचार साधा होता. आधी टोबीला गुपचूप विचारून ठेवायचं, मग थर्झाला 'चल, आपण तसेच घुसू' म्हणून आणायचं. तिला कळणारही नाही. त्याने टोपी काढली आणि घंटेच्या दोरीला हात घातला. दोरी हातात धरून तो बराच वेळ उभा राहिला. मग त्याने टोपी परत डोक्यावर घातली, चढ चढून घरी गेला आणि थर्झाचे बूट तिच्यापुढे ठेवले.

"कुठे?" थर्झाने विचारलं.

"नदीवर."

"त्याला विचारून आलास?"

"नाही."

तिने त्याच्या डोळ्यांत बघितलं. मग बूट ओढून घेतले.

उतार उतरायलाच त्यांना पाऊण सकाळ लागली. फाटकापाशी आल्यावर हेडलीने घंटेकडे न बघता कडी सरकवली. ते दोघं कुरणात दहा-वीस पावलं गेले असतील नसतील, तोच स्वयंपाकघराचं दार उघडलं आणि टोबी हात हलवत बाहेर आला.

"मिसेस ट्रेविन, किती बरं वाटलं तुम्हाला बघून. या ना, या. खुशाल जा."

हेडलीचा हात आपोआप टोपीकडे गेला. तो त्याने अर्ध्यावर धरला आणि कोटाच्या खिशात कोंबला.

"मिस्टर ॲश्कम," तो म्हणाला, "आम्ही तुम्हाला विचारलेलं नाही."

"अहो, विचारायला कशाला हवं? माझी परवानगी आहेच."

"ती आम्हाला नकोय."

असलं वाक्य हेडली ट्रेविन जन्मात कुणाशी बोलला नव्हता. पण तो तिथेच उभा राहिला, आणि गंमत म्हणजे आकाश जागच्या जागी होतं. टोबीचा चेहरा मात्र पडला. कुणाला काय हवंय ते कळलं तर तो लगेच देऊन टाकणारा माणूस, पण इथे काय द्यायचं तेच त्याला उमगेना.

"मग मी... नाही म्हणू का?" त्याने विचारलं. "तुम्हाला बरं वाटत असेल तर मी नाही म्हणतो."

हेडली गोंधळला. हो म्हटलेलं नको होतं, पण नाही म्हटलेलं तरी कायद्यात बसतं का, हे मॉर्वेनाने सांगितलं नव्हतं. त्याने थर्झाकडे बघितलं.

थर्झा पुढे गेली होती. तिने काठीवर भार देऊन मान वळवली आणि धक्क्यावरचा तो जुना आवाज काढला.

"काही म्हणू नकोस पोरा. घरात जा आणि पडदा ओढ. तुला आम्ही दिसलोच नाही."

टोबी घरात गेला. पडदा ओढला गेला, आणि मग, बहुधा नीट ओढला गेला नाही असं वाटून, आणखी थोडा ओढला गेला.

हेडलीच्या जिभेच्या टोकावर 'थँक यू' आलं होतं. ते त्याने गिळलं. तो थर्झाजवळ गेला, आणि तिने एक काठी त्याच्या हातात दिली आणि त्या हाताने त्याचा दंड धरला. ओहोटी होती. चिखलावर ऊन पडलं होतं. ती हळू चालत होती, फार हळू, पण चालत होती, आणि हेडली आनंदाने तिच्या पावलाशी पाऊल जुळवत होता.

"किती वर्षं व्हावी लागतात म्हणाली होती ती मॉर्वेना?" थोडं पुढे गेल्यावर थर्झाने विचारलं.

"वीस."

"सलग?"

"सलग."

थर्झा दम खायला थांबली. नदीच्या मुखाशी लाटा फुटत होत्या, तिकडे ती डोळे बारीक करून बघत राहिली.

"मग पुढच्या गुरुवारी पाऊस असला तरी यावं लागेल," ती म्हणाली.